पटावरच्या प्रत्येक मुलाचा तास

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय संघात वेळापूरचा रामजी कश्यप होता. त्याआधी २०२२ मध्ये मिरे गावची किरण नवगिरे भारताच्या महिला क्रिकेट संघात पोहोचली होती. दोन्ही गावं सोलापूर जिल्ह्यातली. या खेळाडूंचा जिल्ह्याला अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे. पण आपल्याकडे मुलांच्या खेळांचा विचार बहुतेक वेळा इथेच येऊन थांबतो: तालुका पातळी, जिल्हा पातळी, पदक, सत्कार, दहावीला मिळणारे वाढीव गुण. साठ मुलांच्या वर्गातून शाळेच्या संघात तीन-चार जातात. उरलेली छप्पन्न-सत्तावन्न मुलं त्या दिवशी किती पळाली, त्यांना घाम आला की नाही, याची नोंद कुठेच होत नाही. या लेखाचा विषय ती मुलं आहेत. मुलांच्या रोजच्या हालचालीचा प्रश्न हौशी पालकांवर, उन्हाळी शिबिरांवर किंवा स्पर्धांवर सोपवून सुटणार नाही. गणिताला आणि भाषेला जशी वेळापत्रकात रोजची जागा असते, तशीच हालचालीला द्यावी लागेल, आणि ती पटावरच्या प्रत्येक मुलाला लागू असावी लागेल. सोलापूरसारख्या शहराला त्यासाठी फार पैसा लागत नाही आणि फार जागाही लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

किती हालचाल पुरेशी, याचं माप जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट शब्दांत दिलं आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी. झपझप चालताना श्वास वाढतो, पण बोलता येतं. ती मध्यम हालचाल. पळताना धाप लागते, वाक्य मध्येच तुटतं, ती जोरकस. अशी जोरकस हालचाल, तसंच स्नायूंना आणि हाडांना ताण देणारे प्रकार, म्हणजे उड्या, लंगडी, चढणं, लोंबकळणं, आठवड्यातून किमान तीन दिवस असावेत. पालकांना दिलासा देणारी गोष्ट अशी, की ही ६० मिनिटं एका दमात पुरी करावी लागत नाहीत. सकाळी पंधरा, मधल्या सुट्टीत दहा, संध्याकाळी अर्धा तास, अशी बेरीज चालते. संथपणे रांगेत उभं राहणं किंवा हात वर-खाली करत कवायतीत वेळ काढणं मात्र त्यात धरता येत नाही.

या मापाने जगाचा सगळ्यात मोठा हिशेब २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या एका नियतकालिकात आला. १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून संशोधकांनी सांगितलं, की २०१६ मध्ये ८१ टक्के मुलं ही किमान रेषा गाठत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं, मुलग्यांमध्ये ७८. भारताचा अंदाज त्याहून थोडा बरा निघाला, म्हणजे चारांपैकी जवळपास तीन मुलं अपुरी हालचाल करणारी. हे थोडं बरं असण्यामागे गल्लोगल्ली चालणारं क्रिकेट आणि मुलींच्या वाट्याला येणारी घरकामं असावीत, असं संशोधकांनी सुचवलं. या दुसऱ्या कारणात समाधान मानण्यासारखं काही नाही. पाणी भरणं आणि धुणं-भांडी करणं यामुळे आकडा सुधारत असेल, तर मुलीचा खेळ काढून घेऊनच तो सुधारलेला आहे.

सोलापुरातला शाळकरी दिवस या चौकटीत घालून पाहावा. बरीच मुलं रिक्षातून किंवा व्हॅनमधून शाळेत जातात. जड वाहनांच्या रस्त्यावर लेकराला सायकलवर सोडायला आईवडील धजत नाहीत, आणि त्यांची भीती खोटी नाही. शाळेत पाच-सहा तास बाकावर, मग शिकवणीच्या सतरंजीवर, मग मोबाईलसमोर. पण बसून राहणं ही फक्त सुखवस्तू घरातली गोष्ट आहे असं समजणं चूक ठरेल. शहराच्या पूर्व भागात विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या वस्त्या आहेत. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. तो हजार पुरा करायला मांडीवर सूप घेऊन बसलेल्या आईला शाळेतून आलेल्या मुलीचे हात लागतात. ती मुलगी मोबाईलसमोर नसते, तरी तासन्‌तास बसलेलीच असते, आणि तेही मान खाली घालून तंबाखूच्या धुळीत. घराबाहेरच्या बोळात दोन दुचाक्या उभ्या राहिल्या की खेळायला जागा उरत नाही. याच्या उलट, वाडीवस्तीवरून दोन-तीन किलोमीटर चालत जिल्हा परिषदेच्या शाळेत येणाऱ्या मुलाचा निम्मा तास रस्त्यातच भरून निघतो. सगळ्या मुलांचा प्रश्न सारखा नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

‘आमचा मुलगा तर काडीसारखा आहे, त्याला व्यायाम कशाला?’ हा प्रश्न आपल्या घरांतून हमखास येतो. त्याचं उत्तर पुण्याजवळच्या खेड्यांतून मिळालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून तिथल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास करत आले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या नवजात बाळांशी तुलना केल्यावर त्यांना दिसलं, की आपली बाळं सुमारे ८०० ग्रॅमने हलकी असतात, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नसते. कमी असतात ते स्नायू. म्हणजे बारीक दिसणारं मूलही आतून चरबीकडे झुकलेलं असू शकतं, आणि पुढे मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते. २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलांपैकी सुमारे १० टक्के मुलं मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. त्याच सर्वेक्षणात लठ्ठ किंवा जास्त वजनाची मुलं सुमारे ५ टक्के होती आणि कृश मुलं जवळपास पाव हिस्सा. हे आकडे शेजारी ठेवले की वजनकाट्यावर विसंबून राहता येत नाही, हे उघड होतं. स्नायू वापरल्यानेच वाढतात आणि रक्तातली साखर उचलतात. हलक्या मुलाला खेळाची गरज जाड मुलाइतकीच आहे. त्याबरोबर त्याला पोटभर, सकस खाणंही हवं. उपाशी मुलाला कोणी पळवू नये.

दोन गोष्टी अशा आहेत, की त्या नंतर भरून काढता येत नाहीत. पहिली हाडांची. वाढीच्या ऐन भरातल्या दोनच वर्षांत शरीर प्रौढपणीच्या हाडांतल्या खनिजांचा सुमारे पाव साठा करून घेतं, आणि ही वर्षं साधारण सहावी ते नववीच्या काळात येतात. उड्या मारल्याने, पळल्याने हाडावर जो दाब पडतो, तोच त्याला घट्ट करतो. दुसरी गोष्ट डोळ्यांची, आणि तिच्याकडे पालकांचं लक्ष अजून पुरेसं गेलेलं नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज शाळा सुटताना ४० मिनिटांचा मोकळ्या हवेतला तास वाढवला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना लांबचं कमी दिसू लागलं होतं. बाकीच्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळापत्रकातल्या एका तासाने चष्मा लागणाऱ्या मुलांची संख्या एवढी कमी होते, आणि तो तास उघड्या आकाशाखाली असण्यापलीकडे त्याला काही लागत नाही.

मग हे काम पालकांनी का करू नये? ज्या पालकाला जमतं त्याने जरूर करावं. पण यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा बाप किंवा दुकानातून रात्री नऊला परतणारी आई मुलाला संध्याकाळी मैदानावर नेईल, ही अपेक्षा अन्यायाची आहे. क्रिकेटची किंवा बॅडमिंटनची अकादमी ज्यांना परवडते, त्यांचीच मुलं तिथे जातात. पार्क स्टेडियमवर रणजीचे सामने झाले, ते शहराला भूषणावह आहे. परंतु शहरातली सगळी मुलं रोज स्टेडियमवर पोहोचत नाहीत. सगळी मुलं रोज पोहोचतात अशी जागा एकच, ती म्हणजे शाळा. आपल्याकडे हा विचार नवा नाही. सोलापूरच्या सीमेला लागून असलेली आटपाडी ज्या औंध संस्थानात होती, तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. प्रकार कोणता निवडावा यावर मतभेद असू शकतील. त्यांच्या निर्णयातलं सूत्र मात्र आजही उपयोगी आहे: प्रत्येक मूल, दररोज, साधनांवाचून.

आज शाळांत शारीरिक शिक्षणाच्या तासिका असतात, हे खरं. पण जगभरच्या निरीक्षणांत असं दिसतं, की अशा तासिकेतला निम्म्याहून कमी वेळ मुलं प्रत्यक्ष दमणारी हालचाल करतात. बाकीचा वेळ रांग, हजेरी, सूचना आणि आपली पाळी येण्याची वाट पाहणं यात जातो. ३५ मिनिटांच्या दोन तासिका आठवड्याला असल्या, तर त्यातून मुलाला फार तर अर्धा तास मिळतो. आठवड्याची गरज सात तासांची. त्यातही परीक्षा जवळ आली, की सगळ्यात आधी जाते ती हीच तासिका.

इथे एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळता कामा नये. शाळांमधून मुलांची हालचाल वाढवण्याच्या ८९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरीने पाहता अशा कार्यक्रमांनी मुलांची रोजची मध्यम ते जोरकस हालचाल अगदी थोडी वाढली किंवा वाढलीच नाही, असं त्यात दिसलं. मग शाळेवर भर का द्यायचा? माझ्या मते हा निकाल शाळेविरुद्धचा नाही, ‘कार्यक्रम’ नावाच्या प्रकाराविरुद्धचा आहे. व्यायामाचं महत्त्व सांगणारे पाठ, पत्रकं, शिक्षकांची दोन दिवसांची कार्यशाळा, अधूनमधून होणारे उपक्रम यांनी मुलाच्या दिवसाची घडण बदलत नाही. ग्वांगझूमध्ये घडी बदलली, म्हणून परिणाम दिसला. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या सेंट निनियन्स या प्राथमिक शाळेने २०१२ मध्ये रोज पंधरा मिनिटं सगळ्या मुलांनी शाळेच्या आवारात पळायचं वा चालायचं एवढंच ठरवलं. गणवेशावरच, स्पर्धेविना. ती कल्पना पुढे अनेक देशांतल्या हजारो शाळांनी उचलली, कारण ती करायला सोपी होती आणि चुकवायला अवघड.

अभ्यास बुडेल, ही भीती सर्वांत खोल आहे. शिष्यवृत्ती परीक्षा, दहावी, नीट, जेईई यांच्याकडे डोळे लावून बसलेल्या घराला ती वाटणारच. या भीतीची परीक्षा कॅनडातल्या त्रुआ-रिव्हिएर इथे १९७० च्या दशकात झाली. ५४६ प्राथमिक विद्यार्थ्यांपैकी एका गटाला रोज एक तास शारीरिक शिक्षण दिलं गेलं आणि तो वेळ सरळ अभ्यासाच्या तासांतून कापला. म्हणजे शिकवण्याचा वेळ १३-१४ टक्क्यांनी घटला. वर्षानुवर्षं गुण तपासले. ते घसरले नाहीत. उलट पुढच्या इयत्तांत या मुलांची सरसी किंचित का होईना दिसली. २००९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात नऊ-दहा वर्षांच्या मुलांना २० मिनिटं चालवून मग चाचण्या घेतल्या, तर त्यांचं लक्ष आणि वाचनाचे गुण दोन्ही सुधारलेले होते. खेळल्याने मूल पहिलं येईल, असं आश्वासन कोणी देऊ नये. पण अर्धा तास पळाल्याने अभ्यास मागे पडतो, याला पुरावा नाही.

जागेचा प्रश्न खरा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं असं लिहिलेलं असलं, तरी शहरातल्या कितीतरी शाळांचं मैदान म्हणजे इमारतीमधला चौक. तिथे काय खेळायचं, हे या मातीतल्या खेळांनी आधीच सांगून ठेवलं आहे. खो-खोचं पूर्ण मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाचा एक लहान कोपरा. तरी एक इशारा द्यायला हवा. वर्गासाठी थेट खो-खोचा सामना लावला, तर आठ जण पाटीवर बसलेले, एक पाठलाग करणारा, समोर तीन पळणारे. चार मुलं दमतात आणि छप्पन्न बघतात. म्हणून खेळ लहान तुकड्यांत वाटायला हवा. दहा-दहा मुलांचे सहा गट, कुठे साखळी, कुठे लंगडी, कुठे विषामृत, कुठे लगोरी, आणि पाच मिनिटांनी जागा बदलायच्या. लंगडी तर फार गुणाची: एका पायावरच्या उड्यांनी हाडांवर नेमका हवा तो दाब पडतो, दम लागतो, आणि लागतो फक्त खडूने आखलेला चौकोन. खेळातून ‘बाद’ झालेला मुलगा बाजूला बसून राहील असा नियम असेल तर तो बदलावा. जे मूल आधी बाद होतं, त्यालाच हालचालीची गरज जास्त असते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुलं ज्या शहरात शेजारी-शेजारी वाढतात, तिथे हे खेळ समजावून सांगायला भाषाही आड येत नाही.

सोलापूरच्या उन्हाचं काय? एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, आणि त्या उन्हात मुलांना मैदानावर काढणं धोक्याचं आहे. पण शाळेचं वर्ष जूनच्या मध्यात सुरू होतं. उन्हाची खरी अडचण मार्च आणि एप्रिलची, आणि तेव्हा शाळा सकाळच्या भरतातच. तेवढे दोन महिने खेळ पहिल्या तासाला घ्यावा, पाण्याची बाटली जवळ ठेवावी, फार तर दोरीवरच्या उड्या आणि फुगड्या व्हरांड्यात घ्याव्यात. उरलेलं वर्ष हे कोरड्या हवेचं गाव खेळासाठी सोयीचं आहे. कोकणातल्या शाळेला पावसाळ्याचे चार महिने मैदान मिळत नाही. इथे पावसाने खेळ बंद ठेवण्याचे दिवस मोजकेच येतात. दुपारच्या पाळीच्या शाळांनी हा वेळ शेवटी ठेवावा, ऊन उतरल्यावर.

मुलींचा प्रश्न वेगळा मांडायला हवा, कारण सहावी-सातवीनंतर मैदानावरून त्या दिसेनाशा होतात. पाळी सुरू झाली, ओढणी आली, शाळेत स्वच्छतागृह धड नाही, मुलं बघतात, संध्याकाळी उशिरा घराबाहेर राहू देत नाहीत, घरी धाकटं भावंड सांभाळायचं असतं. यातलं प्रत्येक कारण घरच्यांना पटणारं आहे, म्हणूनच त्यातून एकट्या मुलीला वाट काढता येत नाही. शाळेच्या वेळेत, शाळेच्या आवारात, गणवेशाला सलवार किंवा ट्रॅक पँट चालेल असं ठरवून दिलेला तास हा बहुतेक मुलींच्या वाट्याला येणारा एकमेव खेळ असेल. मुलीला धाप लवकर लागत असेल, चेहरा फिकट असेल, तर तिला खेळातून बाहेर बसवून प्रश्न मिटत नाही. तिचं रक्त तपासून घ्यावं आणि हळूहळू खेळ वाढवावा. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेआधी तिथले जड नंदीध्वज पेलणारे तरुण कित्येक दिवस सराव करतात. अंगात बळ सरावाने येतं, हे सोलापूरला कोणी शिकवायला नको. तो न्याय या शहराने आपल्या मुलींनाही लावावा.

शिक्षक कुठून आणायचे, हा शेवटचा अडथळा. प्रत्येक शाळेला क्रीडाशिक्षक मिळायलाच हवा, आणि त्यासाठी भांडायलाही हवं. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असलेल्या शाळेसाठी आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाच्या अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. पण साखळी किंवा लंगडी घ्यायला तज्ज्ञ लागत नाही. वर्गशिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा मोठा भार आहे, तेव्हा रोजच्या साठ मिनिटांपैकी शाळेने द्यायचा हा अर्धा तास त्यांच्यावर जादा कामासारखा न टाकता त्यांच्या तासिकांतच धरावा लागेल. मोठ्या वर्गातली मुलं लहानांचे गट सांभाळू शकतात. उरलेला अर्धा तास घराचा: मधलं अंतर सुरक्षित असेल तर शाळेत चालत जाणं, शिकवणीला सायकलने जाणं, गल्लीत खेळणाऱ्या पोरांवर न ओरडणं, रविवारी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने कुटुंबाने एक फेरी मारणं.

सरकारी आणि अनुदानित शाळांत कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. सरकारी शाळेत शाळेचा विकास आराखडाही हीच समिती करते. विनाअनुदानित खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. येत्या सभेला जाल, तेव्हा निकालाबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: माझं मूल, आणि त्याच्या वर्गातलं प्रत्येक मूल, काल शाळेत किती मिनिटं धावलं? उत्तर मिळालं नाही, तर रोजचा अर्धा तास वेळापत्रकात लिहून घ्या, आणि परीक्षेच्या महिन्यात तो कापला जाणार नाही, हेही त्याच ठरावात लिहून घ्या.